माउंटन बाइकच्या डिस्क ब्रेकचे बोल्ट: बदलणं, आवळणं आणि आवळलेलं टिकवणं

पुढचा ब्रेक दाबला की चाकातून 'टक' असा एकच आवाज यायचा. सोडून पुन्हा दाबला तर आवाज नाही. सायकल जरा मागे ढकलून ब्रेक दाबला की पुन्हा एकदा 'टक'. तीन आठवडे मी हँडलच्या खालच्या बेअरिंगला दोष देत होतो, एकदा ते आवळूनही घेतलं. मग पावसाळा संपता संपता सिंहगडावरून उतरताना आवाज 'टक'वरून 'टकटक'वर गेला. गोळेवाडीला थांबून सायकल उलटी केली. पुढच्या रोटरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीच्या) सहा बोल्टपैकी एक गायब होता आणि दोन बोटाने फिरत होते. सायकल घरी टेम्पोतून आली.

चूक माझीच होती. नवा रोटर बसवताना बोल्टला भरपूर ग्रीस लावलं होतं (गंजू नयेत म्हणून!) आणि 'टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना) मिळाला की नीट आवळू' असं म्हणून हाताच्या अंदाजाने आवळून ठेवले होते. टॉर्क रेंच आला, त्याची पेटी कपाटात गेली, बोल्ट तसेच राहिले.

त्यानंतर हे काम मी स्वतःच्या आणि मित्रांच्या बऱ्याच सायकलींवर केलं. एक गोष्ट पक्की कळली. लोक विचारतात, "टायटॅनियमचे लावू का?" खरं तर आधी विचारायला हवं, "आहेत ते स्वच्छ जागेवर, बरोबर ताणाने आवळलेले आहेत का?" तरी बोल्ट बदलण्याची वेळ येतेच, म्हणून दोन्ही सांगतो.

रोटर कशाने धरून राहतो

बोल्टचा दांडा खिळ्यासारखा मध्ये आडवा उभा राहून रोटर अडवतो, असं आपल्याला वाटतं. पण त्याचं मुख्य काम वेगळं आहे. आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो, त्या ताणाने रोटर हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) दाबून बसतो, आणि त्या दाबामुळे होणारं घर्षण रोटरला सरकू देत नाही.

ढोबळ हिशोब करू. माणूस, सायकल, पाणी मिळून ९० किलो. पुढच्या ब्रेकने जोरात वेग कमी केला की टायरवर साधारण ४५ किलोची ओढ येते. २९ इंची चाकाची त्रिज्या ३७ सेंटीमीटर. रोटरचे सहा बोल्ट ४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, म्हणजे मध्यापासून फक्त २२ मिलिमीटरवर. तरफेचा नियम लावला की बोल्टच्या वर्तुळावर येणारी ओढ साडेसातशे किलोच्या घरात जाते.

आता दुसरी बाजू. एम-५ चा (५ मिलिमीटर जाडीचा) कोरडा बोल्ट ६ न्यूटन-मीटरने (हे टॉर्कचं, म्हणजे फिरवून आवळण्याच्या जोराचं माप) आवळला की साधारण सहाशे किलोचा दाब देतो. सहा बोल्टचे मिळून साडेतीन टनांच्या वर. धातूवर धातूचं घर्षण त्याच्या १५ ते २० टक्के धरलं, तर पकड साडेपाचशे ते सव्वासातशे किलो. म्हणजे जोराच्या ब्रेकला ओढ आणि पकड जेमतेम तुल्यबळ असतात. उरलेला थोडा भार दांड्यावर जातो, आणि चांगला पोलादी बोल्ट तो सहज पेलतो. पण दोन बोल्ट सैल झाले किंवा रोटर आणि हबच्या मध्ये तेल, रंग, चिखल राहिला की पकड ओढीपेक्षा बरीच कमी पडते. मग प्रत्येक ब्रेकला रोटर केसभर पुढेमागे सरकतो. माझी 'टक' ती हीच.

आणि असं आडवं सरकणं हाच बोल्ट सुटण्याचा राजमार्ग. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवलं. जोडाचे दोन भाग आडवे हलू लागले की आट्यांमधली पकड क्षणभर सुटते आणि बोल्ट आपसूक उलटा फिरतो. स्प्रिंग वॉशर घातला की झालं, ही आपल्याकडची जुनी समजूत इथे फारशी कामाला येत नाही. मुळात सरकणंच थांबवायला हवं.

आधी खात्री: आवाज बोल्टचाच आहे का?

पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढेमागे हलवा. दुसऱ्या हाताचं बोट आधी हँडलखालच्या जोडावर ठेवा. तिथे टिचकी जाणवली तर दोष हेडसेटचा. मग बोट रोटरच्या मधल्या भागावर आणि हबवर एकदम टेकवा. तिथे हालचाल लागली तर बोल्ट. रोटर दोन्हीकडून दाबणारे पॅड त्यांना धरणाऱ्या कॅलिपरच्या आत किंचित खेळतात, त्यांचा आवाज बारीक, पोकळ असतो, ते सहसा चालतं. शेवटी कॅलिपरवर बोट ठेवा. कॅलिपर फ्रेमवर किंवा चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर) हलत असेल तर सायकल तिथेच उभी करा. ती घेऊन उतारावर जायचं नाही.

कोणते बोल्ट, कुठे

सहा बोल्टच्या रोटरला पुढे-मागे मिळून बारा बोल्ट असतात. जवळपास सगळीकडे एम-५, आट्यांचं अंतर ०.८ मिलिमीटर, डोक्यात टी-२५ चा खाचा. याला आपल्याकडच्या दुकानात 'स्टार की' म्हणतात. कॅलिपर धरणारे दोन-दोन बोल्ट माउंटन बाइकवर एम-६ असतात, बहुतेकदा ५ मिलिमीटरच्या ॲलन कीचे, काही कंपन्यांचे टी-२५ चे. दोन बोल्टमधलं अंतर ७४ मिलिमीटर असेल तर तो पोस्ट माउंट. जुन्या फ्रेमवर ५१ मिलिमीटरवर आडवी भोकं असतील तर इंटरनॅशनल स्टँडर्ड, त्याला अडॅप्टर लागतो.

एक इशारा इथेच देतो. कॅलिपरवर आणखी एक-दोन दणकट बोल्ट दिसतात, ते कॅलिपरचे दोन अर्धे एकत्र जोडतात. शिवाय ब्रेकची नळी जिथे येते तिथेही एक बोल्ट असतो. या दोन्हींना हात लावायचा नाही. ते सुटले की ब्रेकचं तेल बाहेर येतं, आणि साधं दोन बोल्टचं काम ब्लीडिंगपर्यंत (तेल भरून आतली हवा काढण्यापर्यंत) जातं.

शिमानोचा सेंटरलॉक असेल तर सहा बोल्टचा प्रश्नच नाही. एकच मोठी रिंग असते, तिला ४० न्यूटन-मीटर लागतात. लोक ती पाण्याच्या पाइपासारखी हाताने जेमतेम आवळतात आणि मग 'टक' येतो. बाकी लेखातलं रोटरचं काम त्यांना लागू नाही, कॅलिपरचं लागू आहे.

कोणता बोल्ट घ्यायचा

पोलादी बोल्ट हा माझा पहिला पर्याय आणि बहुतेकांसाठी शेवटचाही. कॅलिपरच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरलेला असतो. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की बोल्ट तुटेपर्यंतचा ताण मेगापास्कलमध्ये साधारण कळतो. ८.८ म्हणजे ८०० च्या आसपास, १२.९ म्हणजे १२०० च्या. ब्रेकला ८.८ पुरतो. १२.९ चा काळा बोल्ट ताकदवान, पण पावसाळ्यात दोन महिन्यांत तांबूस होतो. गंज टाळायला तो गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडून चकचकीत करून आणण्याचा मोह आवरा. इतक्या कडक पोलादावर विजेवरचं प्लेटिंग केलं तर हायड्रोजन आत शिरून बोल्ट ठिसूळ होऊ शकतो, आणि असा बोल्ट आवळल्यावर काही तासांनी आपोआप तुटतो.

स्टेनलेसवर 'ए२-७०' असं लिहिलेलं असतं. त्यातला ७० म्हणजे ७०० मेगापास्कल. म्हणजे स्टेनलेस चमकतो, पण ८.८ पेक्षा कमजोर. कॅलिपरला चालतो. मात्र किनाऱ्यावर काळजी घ्या. रत्नागिरीला आतेभावाची सायकल अंगणात उभी असते. त्याच्या कॅलिपरचे स्टेनलेस बोल्ट स्वतः लख्ख, पण भोवतीचं ॲल्युमिनियम पांढरं पिठूळ झालं होतं. खारट ओलाव्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. बोल्ट निघाला, येताना आटे घेऊन आला.

टायटॅनियमची मिश्रधातू, ज्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, ती ताकदीला ८.८ च्या वर भरते, वजनाला पोलादाच्या साठ टक्क्यांच्या आत. गंजत नाही. फायदा? रोटरचे बारा बोल्ट बदलले की वजन दहा-बारा ग्रॅम कमी होतं, एका बिस्किटाएवढं. किनाऱ्यावर राहणाऱ्याने गंजासाठी घेतले तर समजू शकतो. पण 'ग्रेड ५' लिहिलेलं स्वस्त पाकीट ऑनलाइन आलं, तर आत काय आहे हे घरी तपासायला आपल्याकडे काही साधन नसतं.

रंगीत ॲल्युमिनियमचे बोल्ट लाल, निळे, सोनेरी छान दिसतात. बाटलीच्या स्टँडला लावा. ब्रेकला नाही. यावर चर्चा नको.

रोटरच्या बोल्टची डोकी लहान, त्यामुळे त्यांच्यावर आकडा बरेचदा नसतो. म्हणून ते ब्रेकच्या कंपनीच्या किटमधूनच घ्या. एम-६ चे बोल्ट बाजारात उत्तम मिळतात, पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. फक्त 'डोक्यावर आकडा असलेला द्या' म्हणायचं.

लांबीकडे मात्र लोकांचं लक्ष जात नाही आणि खरा घोळ तिथेच असतो. भोक तळाशी बंद असेल आणि बोल्ट दोन मिलिमीटर लांब असेल, तर तो तळाला टेकतो. हाताला 'आवळला' असं वाटतं, टॉर्क रेंचही क्लिक करतो, आणि रोटर मात्र सैलच. उलट बोल्ट आखूड असेल तर तीन-चार आट्यांवर सगळा भार येतो आणि ते उपटून येतात. सस्पेन्शन चिमट्याचे खालचे पाय बहुतेकदा मॅग्नेशियमचे असतात, त्यांचे आटे तर अगदीच नाजूक.

हे मोजायची सोपी रीत आहे, फेरे मोजा. एम-६ चा आटा १ मिलिमीटरचा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला बोल्ट १ मिलिमीटर आत जातो. मऊ धातूत व्यासाच्या दीडपट तरी आटे धरायला हवेत, म्हणजे एम-६ ला ९ फेरे. एम-५ ला साडेसात मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ फेरे. रोटर किंवा कॅलिपर जागेवर ठेवून बोल्ट बोटाने फिरवत न्या आणि डोकं टेकेपर्यंतचे फेरे मोजा. १० मिलिमीटरचा एम-५ बोल्ट १.८ मिलिमीटरच्या रोटरमधून दहा फेरे आत जातो, म्हणूनच ती लांबी नेहमीची. भोकाची खोली टूथपिक घालून, नखाने खूण करून मोजता येते.

शेवटचं, डोक्याची उंची. उंच डोक्याचा बोल्ट चिमट्याच्या आतल्या बाजूला घासू शकतो. बसवल्यावर चाक हळू फिरवून बघा.

हत्यारं, आणि टॉर्क रेंच नसेल तर

चांगला टी-२५ बिट, ५ मिलिमीटरची ॲलन की, मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवून धरणारा द्रव (२४२ किंवा २४३ क्रमांकाचा), आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, कापसाचे बड, स्वच्छ हातमोजे. अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे हमखास मिळतं. लाल थ्रेडलॉकर आणू नका. तो काढायला अडीचशे अंशांच्या वर तापवावं लागतं आणि हबची सीलं तेवढं सोसत नाहीत.

टॉर्क रेंच २ ते १५ न्यूटन-मीटरच्या पट्ट्यातला हवा. गाडीचा मोठा रेंच या कामाला आणू नका. त्याच्या पट्ट्याच्या अगदी तळाशी तो काय दाखवतो याचा भरवसा नसतो. रेंच नसेल तर विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा टांगता काटा घ्या. कीच्या लांब दांड्यावर, बोल्टच्या मध्यापासून बरोबर १० सेंटीमीटरवर खूण करा, तिथे काट्याचा हूक अडकवा आणि दांड्याला काटकोनात ओढा. काट्यावर ४ किलो दिसले की ४ न्यूटन-मीटरच्या जवळ, ६ दिसले की ६. की आखूड असेल तर ५ सेंटीमीटरवर दुप्पट किलो. तिरकं ओढलं तर आकडा खोटा. मी ही रीत टॉर्क रेंचशी ताडून पाहिली, फरक पाव किलोच्या आतबाहेर. हाताच्या अंदाजापेक्षा लाखपट बरी.

जुने बोल्ट काढताना

चाक काढा आणि पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा. चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येणार नाहीत. (हायड्रॉलिक ब्रेक असेल आणि घरात लहान मुलं असतील तर पुठ्ठा आधी हाताशी ठेवा, मगच चाक काढा.)

मग टाचणीने प्रत्येक बोल्टच्या खाचेतला चिखल काढा. ही पायरी वगळणारे लोकच पुढे 'बोल्टचं डोकं गेलं' म्हणून फोन करतात. वाळलेल्या मातीमुळे बिट पूर्ण आत जात नाही, वरच्या कडेवर फिरतो आणि खाचा गोल करतो. बिट खाचेत ठेवून हातोडीने हलकी टिचकी मारा, आत बसल्याचा आवाज बदललेला कळतो. चाक जमिनीवर आडवं ठेवा, अंगाचा भार बिटवर द्या आणि मगच फिरवा.

सहाही बोल्ट आधी समोरासमोरच्या क्रमाने पाव-पाव फेरा सैल करा, मग काढा. एकच बोल्ट पूर्ण काढून बाकीचे घट्ट ठेवले तर रोटर वाकायची भीती असते.

हटवादी बोल्ट असेल तर सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवा. थ्रेडलॉकर मऊ होतो आणि उष्णता त्या एकाच बोल्टपुरती राहते. पेट्रोलचा बर्नर किंवा गॅस लायटर नको. खाचा गोल झालाच तर किंचित मोठा, जुना बिट हातोडीने आत ठोका. त्यानेही नाही सुटला तर बारीक चाकाच्या कटरने डोक्यावर आडवी खाच पाडून मोठ्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा. ड्रिल हा शेवटचा उपाय, आणि तो हात स्थिर असणाऱ्याचा. आटे गेलेच, तर दुचाकीचं इंजिन दुरुस्त करणारे लेथवाले हेलिकॉइल बसवून देतात. नवी पोलादी गुंडाळी आत बसते, मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत. पण चिमट्याच्या मॅग्नेशियमवर हे काम आधी कधी न केलेल्या कारागिराकडून पहिल्यांदा करून घेऊ नका.

नवे बोल्ट, नवा रोटर

सगळ्यात जास्त वेळ या भागाला द्या आणि त्यातलाही निम्मा सफाईला.

हबचं तोंड, म्हणजे रोटर जिथे टेकतो ती सपाट जागा, अल्कोहोलने पुसा. बारीक कण, रंगाचा पापुद्रा, आधीच्या थ्रेडलॉकरची निळी भुकटी राहू द्यायची नाही. भोकांमध्ये कापसाचा बड अल्कोहोलमध्ये भिजवून फिरवा, स्वच्छ निघेपर्यंत. जुना बोल्टच परत लावायचा असेल तर त्याचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. नव्या बोल्टवर बहुतेकदा सुकलेला थ्रेडलॉकर आधीच लावलेला असतो, तिथे वेगळा लावायची गरज नाही.

रोटरची जाडी बघून घ्या. शिमानोचे रोटर नवे असताना १.८ मिलिमीटर, १.५ ला बाद. मॅग्युराचे २ मिलिमीटरचे असतात, ते १.८ ला बाद. कमीत कमी जाडी रोटरवर कोरलेली असते. बाद झालेल्या रोटरसाठी नवे बोल्ट आणण्यात अर्थ नाही. रोटरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा लावणारे लोक मी पाहिलेत, त्यात एक मीही आहे.

थ्रेडलॉकरचा एक थेंब बोल्टच्या टोकाकडच्या तीन-चार आट्यांवर. एकच. भोक तळाशी बंद असेल तर थेंब भोकात टाका, नाहीतर आत अडकलेली हवा तो परत बाहेर ढकलते. हा द्रव हवा लागत असेपर्यंत ओला राहतो आणि हवा बंद झाली की धातूच्या संपर्कात घट्ट होतो. टायटॅनियम आणि स्टेनलेसवर तो हळू सुकतो, त्यांना पुरा एक दिवस द्या किंवा त्याच कंपनीचा ॲक्टिव्हेटर वापरा. रोटर तापला तर हा द्रव वितळेल अशी शंका लोक काढतात. घाटात तापते ती बाहेरची कडा. हबपर्यंत येईस्तो उष्णता बरीच उतरलेली असते आणि २४३ क्रमांकाचा द्रव १८० अंशांपर्यंतचा असतो. हातमोजे घातलेले असू द्या. बोटाचं तेल किंवा थ्रेडलॉकर रोटरच्या पट्ट्यावर लागला तर पॅड तो पिऊन टाकतात, आणि मग ब्रेक ओरडतो पण धरत नाही.

सहाही बोल्ट आधी बोटाने टेकेपर्यंत फिरवा. आता एक छोटी पण मोलाची गोष्ट. चाक पुढे जाताना ज्या दिशेला फिरतं, त्याच्या उलट दिशेला रोटर हाताने ढकलून धरा. भोकं बोल्टपेक्षा किंचित मोठी असतात. ब्रेक लागल्यावर रोटर ज्या बाजूला ओढला जाणार, त्या बाजूला तो आधीच टेकलेला असला की पुढे सरकायला जागाच उरत नाही. असा धरूनच पहिली फेरी आवळा.

क्रम चांदणीसारखा: एक बोल्ट, मग समोरचा, मग त्याच्या बाजूचा, मग त्याच्या समोरचा. पहिल्या फेरीला अर्धा टॉर्क, दुसरीला पूर्ण, तिसरी फक्त तपासायला. टॉर्क किती, हे कंपनीवर आहे. शिमानो सहा बोल्टच्या रोटरला २ ते ४ न्यूटन-मीटर सांगतं, मॅग्युरा ४, स्रॅम ६.२. रोटर एका कंपनीचा आणि हब दुसऱ्याचं असेल तर दोन आकड्यांतला लहान घ्या. जास्त आवळल्याने सुरक्षितता वाढत नाही. ॲल्युमिनियमचे आटे मात्र एकदाच सुटतात.

जुन्या शिमानो रोटरबरोबर पातळ पत्र्याच्या पट्ट्या येत, दोन बोल्टला एक. आवळून झाल्यावर त्यांची कड स्क्रूड्रायव्हरने बोल्टच्या डोक्याला टेकवून वाकवायची. आजच्या थ्रेडलॉकरच्या जमान्यात कुणी त्यांना हसतं, पण पट्टीचा फायदा असा की बोल्ट जागचा हलला नाही हे डोळ्यांना दिसतं. एकदा वाकवलेली पट्टी पुन्हा वापरू नका, दुसऱ्यांदा वाकवताना तुटते.

कॅलिपरचे बोल्ट

इथे दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात, घट्टपणा आणि सरळ रेष.

बोल्ट काढताना वॉशरचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्रॅमच्या काही कॅलिपरला फुगीर आणि खोलगट वॉशरच्या जोड्या असतात. त्या उलटसुलट बसल्या की कॅलिपर सरळ दिसतो, पण पहिल्या दणक्याला तिरका होतो. मोठा रोटर लावत असाल, समजा १६० चा काढून १८० चा, तर अडॅप्टर बदलणार आणि त्याबरोबर बोल्टची लांबीही. फेरे पुन्हा मोजा. चिमटा किती मोठा रोटर झेलतो हेही त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या, कारण मोठ्या रोटरची जास्तीची ओढ शेवटी चिमट्याच्या पायावरच येते.

आटे साफ, थ्रेडलॉकरचा थेंब, दोन्ही बोल्ट हलणाऱ्या पण न पडणाऱ्या अवस्थेत. चाक बसवा, एक्सल नीट आवळा (ढिल्या एक्सलवर कॅलिपर जुळवणं म्हणजे वाऱ्यावर खुंटी ठोकणं). लिव्हर दाबून धरा, कॅलिपर आपोआप मध्यावर येतो. दाबलेल्या अवस्थेतच दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत न्या. एकच बोल्ट पुरता आवळला तर डोक्याच्या फिरण्याबरोबर कॅलिपर ओढला जातो. शिमानोला ६ ते ८ न्यूटन-मीटर, मॅग्युराला ६, स्रॅमला मॉडेलनुसार ८ ते १० च्या घरात. नंतर पांढरा कागद मागे धरून रोटर आणि पॅडमधली फट बघा. दोन्हीकडे उजेड दिसला पाहिजे.

पॅड धरणारी छोटी पिन विसरू नका. आट्यांची असेल तर तिच्या टोकाला एक इवलीशी क्लिप असते. ती नसेल तर पिन हळूहळू बाहेर येते आणि एके दिवशी पॅड रस्त्यावर. साधी खिटी असेल तर तिची दोन्ही टोकं वाकवलेली आहेत का एवढं बघा.

शर्यतीच्या मोटरसायकलींवर असते तशी लॉकवायर काही शिमानो कॅलिपरवर लावता येते, डोक्यात आडवं भोक असलेला बोल्ट असेल तर. ०.६ ते ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार, पक्कडीने पीळ देऊन, बोल्ट सुटायला लागला तर तार ताणली जाईल अशा दिशेने. घरच्या सायकलवर मी करत नाही. करायचं असेल तर भोक असलेला तयार बोल्ट घ्या, आपण ड्रिलने पाडायचं नाही.

नेलपॉलिशची रेघ

सगळं आवळून झालं की बोल्टच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. पांढरी किंवा पिवळी. लाल मातीच्या चिखलात लाल दिसत नाही, हा अनुभव. रोटरवर ओढताना मधल्या भागावरच, ब्रेकच्या पट्ट्यापासून दूर. बोल्ट तसूभर फिरला तरी रेघ तुटते. बायकोने "माझी बाटली गॅरेजमध्ये कशाला?" विचारलं, तेव्हा खरं सांगून टाकलं. आता माझी वेगळी बाटली आहे.

चोवीस तास सायकल उभी ठेवा, थ्रेडलॉकर पुरता सुकू द्या. नवा रोटर किंवा नवे पॅड असतील तर मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने वीसेक वेळा ब्रेक लावून वेग चालण्याइतका आणा, पूर्ण थांबू नका. मग थोड्या जास्त वेगाने आणखी दहा वेळा. शेवटच्या काहींत पकड वाढल्याचं हाताला कळतं.

पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर बोल्ट तपासा. जोडाच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दबतात आणि ताण थोडा उतरतो. रेंच त्याच आकड्यावर लावून दाबा. बोल्ट न हलता क्लिक आला तर ठीक. हलला तर नुसता आवळून गप्प बसू नका. थ्रेडलॉकर तुटला आहे, काढा, साफ करा, नवा थेंब लावा. पुढे चाक जेव्हा जेव्हा निघेल तेव्हा रेघांवर एक नजर, आणि पावसाळ्यात दर महिन्याला. प्रेशर वॉशरची धार हबवर थेट मारायची नाही. बोल्टला त्याने काही होत नाही, बेअरिंगला होतं.

रस्त्यात एखादा रोटर बोल्ट गेलाच तर उरलेले समतोल राहतील असे फिरवून लावा. पाच असतील तर त्यांना पूर्ण आवळा. तीनच उरले तर एकाआड एक भोकात लावा आणि घरापर्यंत हळू, दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर या. कॅलिपरचा एक बोल्ट गेला तर चालत.

सीटखालच्या पिशवीत मी आता एम-५ चे दोन आणि एम-६ चा एक बोल्ट, पंक्चर पॅचच्या डबीत ठेवतो. तुम्हीही ठेवा, आणि मल्टीटूलवर टी-२५ आहे का हे घरीच बघून घ्या. माझ्या मल्टीटूलवर सहा आकारांच्या ॲलन की होत्या, दोन स्क्रूड्रायव्हर होते, बाटलीचं झाकण उघडायचीही सोय होती. टी-२५ नव्हता, हे गोळेवाडीला कळलं.